आग कोठे ठेवावी? : ऊन पाण्याचा इतिहास

सकाळच्या स्नानाला ऊन पाणी मिळणे ही गोष्ट शहरी संसारात आज इतकी सहज झाली आहे की, तिला काही इतिहास असेल अशी शंकाही सहसा कोणाच्या मनात येत नाही. भिंतीवरचे बटण दाबावे, घटकाभर थांबावे आणि तोटी सोडावी, एवढाच काय तो विधी! परंतु या साध्या सोयीच्या मागे एक जुने आणि अवघड कोडे दडलेले आहे. स्नान करणारा मनुष्य आणि तापलेले पाणी ही दोन्ही एकाच लहानशा, आडोशाच्या, शक्य तितक्या बंद खोलीत हवीत. पाणी तापविणारी आग मात्र त्या खोलीत असून चालत नाही. ती तेथे असली तर धूर होतो, हवा कोंडते, आणि प्रसंगी जिवावर बेतते. तेव्हा आग ठेवावयाची कोठे, आणि तिची ऊब तेवढी आत आणून तिचा धूर बाहेर काढावयाचा कसा, या प्रश्नाची जी उत्तरे निरनिराळ्या काळांतील माणसांनी दिली, त्यांचाच इतिहास म्हणजे ऊन पाण्याचा इतिहास होय. दौलताबादचा किल्ला, महाराष्ट्रातील वाड्यांच्या न्हाण्या आणि समुद्रावरच्या लहान नौका ही तिन्ही ठिकाणे या इतिहासात एका रांगेत येऊन बसतात.

बाबराने १५२६ मध्ये पानिपतची लढाई जिंकली. त्यानंतर हिंदुस्थानात कोणकोणत्या गोष्टींची उणीव आहे, याची एक यादी त्याने आपल्या आत्मचरित्रात दिली आहे. चांगले घोडे नाहीत, बर्फ नाही, थंड पाणी नाही, आणि हमामही नाहीत, असे तो तक्रारीच्या सुरात लिहितो. मध्य आशियाच्या थंडीत वाढलेल्या माणसाला ही उणीव भासावी, यात नवल नाही. तथापि, उष्ण स्नानाची कल्पनाच या देशाला ठाऊक नव्हती, असे त्यावरून समजणे चुकीचे ठरेल. बौद्धांच्या विनयपिटकात ‘जंताघर’ नावाच्या उष्णस्नानगृहाचे वर्णन आहे. भिक्षूंची प्रकृती सुधारावी म्हणून जीवक वैद्याने बुद्धाला विनंती केली, आणि बुद्धाने चंक्रमणाची जागा व जंताघर या दोहोंना अनुज्ञा दिली, अशी तेथे कथा आहे. त्या कथेपेक्षाही पुढचे बारीक नियम अधिक बोलके आहेत. जंताघर लहान असेल तर अग्निस्थान एका बाजूला असावे, मोठे असेल तर मध्यभागी असावे. धूर बाहेर जाण्यासाठी ‘धूमनेत्त’, म्हणजे धुराची नळी, असावी. आगीची झळ लागू नये म्हणून भिक्षूंनी तोंडाला माती लावावी.

हे नियम कोणी पंडिताने तर्काने रचलेले दिसत नाहीत. कोणीतरी लहान खोलीच्या मध्यभागी आग पेटवून पाहिली असावी, कोणाचे तरी डोळे धुराने चुरचुरले असावेत, आणि मग एकेक नियम घडत गेला असावा. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील चौदाव्या अध्यायात स्वेदाचे तेरा प्रकार सांगितले आहेत. त्यांतील जेंताक स्वेदासाठी जलाशयाच्या काठी वर्तुळाकार घर बांधून त्याच्या मध्यभागी झाकणाची भट्टी करावी, असे सांगितले आहे. जागा लहान की मोठी, आग मध्ये की कडेला, झाकलेली की उघडी, आणि धुराला वाट कोणती, हे सर्व प्रश्न या देशात दोन हजार वर्षांपूर्वीच विचारले गेले होते.

बाबराच्या वंशजांनी त्याची तक्रार मात्र पुरती मनावर घेतली. मोगल राजवाड्यांतून हमाम बांधले गेले आणि त्यांना एवढी प्रतिष्ठा आली की, बादशहाच्या खासगी दरबारालाही ‘गुसलखाना’ हे नाव पडले. बऱ्हाणपुरात सतराव्या शतकाच्या प्रारंभी, अब्दुल रहीम खानखानानच्या काळात, नगरजनांसाठी हमाम झाला. आणि १६१५ च्या सुमारास तेथे ‘कुंडी भंडारा’ म्हणून ओळखली जाणारी भूमिगत पाण्याची योजना आकारास आली. १६३३ मध्ये महाबतखानाने दौलताबाद जिंकले आणि दख्खनच्या या दुर्गावरही मोगल रीतीभाती आल्या. आजच्या छत्रपती संभाजीनगरपासून सुमारे १५ किलोमीटरवर असलेल्या या किल्ल्यात ‘शाही हमाम’ म्हणून दाखविली जाणारी वास्तू त्या काळाची आहे. मर्दन, उष्ण स्नान आणि बाष्पस्नान यांची तीत क्रमवार व्यवस्था आहे; पाण्यासाठी टाक्या, पन्हळी आणि नळ आहेत, आणि हवा खेळण्यासाठी झरोके आहेत.

मोगल हमामाची सर्वसाधारण रचना ध्यानात घेतली म्हणजे या वास्तूचे मर्म कळते. भट्टी स्नानाच्या दालनात नसे. ती भिंतीपलीकडे असे आणि तिची सरपण घालण्याची वाटही निराळी असे. भट्टीवर पाण्याची टाकी, तिच्या बुडाशी ज्वाळा, आणि त्या ज्वाळांची तप्त हवा फरशीखालच्या पोकळीतून फिरवून मग धुराड्यावाटे वर सोडलेली. हीच युक्ती रोमन लोकांनी आपल्या स्नानगृहांत वापरली होती, आणि पश्चिम आशियातील हमामांतून ती पूर्वेकडे आली. या योजनेत एकाच आगीकडून दोन कामे करून घेतली जात. आधी पाणी तापे, आणि मग जी ऊब एरवी धुराबरोबर आकाशात गेली असती, तिच्यावर फरशी तापे. स्नान करणाऱ्याला आग दिसत नसे, धूर लागत नसे, आणि लाकूड घालणारा माणूसही दिसत नसे. हमामाच्या भिंतींची नक्षी पुष्कळांनी वाखाणली आहे. परंतु भिंतीपलीकडे पहाटेपासून भट्टीपुढे बसून घाम गाळणाऱ्या नोकराचे नाव कोणत्याही लेखात कोरलेले नाही. आग दूर नेण्याची किंमत त्या काळी कोणीतरी आपल्या अंगावर घेत होते, हे विसरून चालणार नाही.

हमामाला आगीइतकीच पाण्याची भूक असते, आणि दख्खनच्या या पठारावर पाणी सदैव अपुरे. दौलताबादच्या हत्ती हौदाची प्रत्येक बाजू सुमारे ३८ मीटर लांब आहे, ती हौसेखातर नव्हे. साठविलेल्या पाण्यावाचून त्या किल्ल्यात राहणेच शक्य नव्हते. १६१० मध्ये मलिक अंबराने खडकी हे नगर वसविले, तेव्हा त्याच्यापुढेही पहिला प्रश्न पाण्याचाच होता. उत्तरेकडील डोंगरउतारावरचे भूगर्भातील पाणी जमिनीखालच्या बांधीव मार्गाने, केवळ उताराच्या बळावर, त्याने नगरात आणले. १६१७ च्या सुमाराची ही योजना ‘नहर-ए-अंबरी’ या नावाने प्रसिद्ध आहे. १६२६ मध्ये मलिक अंबर निवर्तला. १६५३ मध्ये औरंगजेब दख्खनचा सुभेदार म्हणून येथे आला आणि नगराचे नाव औरंगाबाद झाले. २०२३ मध्ये ते छत्रपती संभाजीनगर झाले. नावे पालटली, पण पाण्याची चिंता पालटली नाही. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारातील पाणचक्की आजही हेच सांगते. कित्येक किलोमीटरांवरून मातीच्या नळांतून आलेले पाणी उंच भिंतीवरून हौदात पडते, आणि पडता पडता जाते फिरविते. पाणी आणावयाचे तर त्याच्या पडण्याचे बळही वाया जाऊ द्यावयाचे नाही, हा काटकसरीचा विचार तेथे स्पष्ट दिसतो. हमामाच्या फरशीखाली धुराची ऊब फिरविणाऱ्याची आणि पाणचक्की उभारणाऱ्याची बुद्धी एकाच जातीची होती.

राजवाड्यातला हमाम राजवाड्याबरोबर थंड झाला. सामान्य कुटुंबात मात्र ऊन पाण्याची व्यवस्था अंगणातल्या चुलाण्यावर होती. तीन दगड, त्यांवर तांब्याचा हंडा, खाली लाकडे. पाणी तापले की ते घंगाळात काढावयाचे आणि वर विसण घालून बेताचे करून घ्यावयाचे. आग उघड्यावर असल्यामुळे धुराचे भय नव्हते. परंतु सरपणाची नासाडी फार होई. हिशेब करून पाहण्यासारखा आहे. २० लिटर पाण्याची उष्णता १५ अंशांनी वाढवावयाची तर ३०० किलोकॅलरी ऊब लागते. वाळलेले एक किलो लाकूड जळून याच्या दहापटीहून अधिक ऊब देते. म्हणजे सारी ऊब पाण्यालाच मिळाली, तर एका बादलीला १०० ग्रॅमही लाकूड लागू नये. प्रत्यक्षात तीन दगडांच्या चुलाण्यावर त्याच्या कित्येक पट लाकूड जळे, कारण ज्वाळा हंड्याला ओझरता स्पर्श करून वाऱ्यावर निघून जात.

या उधळपट्टीवर महाराष्ट्रीय घराने शोधलेला तोडगा म्हणजे तांब्याचा बंब. बंबात आग पाण्याखाली नसते, पाण्याच्या पोटात असते. मधोमध उभी नळी, तिच्या तळाशी निखाऱ्यांची जाळी, वर धुराला तोंड, आणि नळीच्या सभोवती पाणी. ज्वाळेने कोणत्याही बाजूला हात पसरला तरी तिला पाण्याची भिंतच लागते. रशियन लोकांचा चहाचा सामोवर याच जातीचा. लाकडाच्या ढलप्या, नारळाच्या करवंट्या, गोवऱ्यांचे तुकडे, असे जे जळण स्वयंपाकाच्या चुलीत शोभत नाही, ते बंबाला चालते. काही बंबांत वरच्या नरसाळ्यातून थंड पाणी ओतले की ते तळाशी जाते आणि तेवढेच ऊन पाणी वरच्या तोटीतून बाहेर पडते. ऊन पाणी हलके असते आणि थंड पाण्यावर तरंगते, हा पदार्थविज्ञानाचा सिद्धांत घरातल्या आजीबाईंना पाठ नसेल. पण ‘घाल तेवढे घे’ हा व्यवहार त्यांना पुरता ठाऊक होता. पाणी भरल्याखेरीज बंब पेटवू नये, ही त्यांची ताकीदही तशीच सार्थ होती. पाण्याची सोबत नसली की नळी करपते आणि झाळलेले सांधे सुटतात.

या ‘बंब’ शब्दाचा प्रवासही मनोरंजक आहे. आग विझविणाऱ्या यंत्राला मराठीत बंब म्हणतात आणि आग पोटात बाळगणाऱ्या भांड्यालाही बंबच म्हणतात! हा शब्द पोर्तुगीज ‘बोंबा’ या शब्दावरून आला, असे भाषाभ्यासक मानतात. बोंबा म्हणजे पाणी खेचणारे यंत्र. जहाजाच्या तळाशी साचलेले पाणी उपसण्यासाठी खलाशी त्याचा उपयोग करीत. समुद्रावरून आलेला हा शब्द घाट चढून देशावरच्या न्हाणीघरात जाऊन बसला, आणि दिवाळीच्या आदल्या संध्याकाळी चिंचेने घासून, झेंडूची माळ घालून, पाणी भरून त्याची पूजा होऊ लागली. नरकचतुर्दशीच्या पहाटे त्या बंबाच्या पाण्याने अभ्यंगस्नान करणाऱ्यांना त्याचा जहाजाशी काही संबंध असेल, असे स्वप्नातही वाटले नसेल.

परंतु तो संबंध केवळ शब्दापुरता नाही. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याने बांधलेली ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट २० मार्च १८३० रोजी मुंबईहून सुएझकडे निघाली. तिला कोळसा इतका लागे की, प्रवाशांच्या खोल्यांतही तो रचावा लागला. पुढे १८३३ मध्ये अर्देशर करसेटजी वाडिया यांनी ‘इंडस’ ही लहान आगबोट पाण्यात सोडली. १८४१ मध्ये ते लंडनच्या रॉयल सोसायटीचे पहिले हिंदी सभासद झाले. लहान आगनौकांवर जो उभा बाष्पपात्राचा प्रकार रूढ झाला, त्याची आकृती पाहिली तर मराठी माणसाला घरच्या बंबाची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. मध्ये आग, भोवती पाणी, वर धुराडे. भेद एवढाच की बंबाचे तोंड उघडे असते, बाष्पपात्राचे बंद. पाणी २० अंशांवरून ८० अंशांपर्यंत तापले की ते सुमारे पावणेतीन टक्क्यांनी फुगते. म्हणजे ४० लिटरला लिटरभर पाणी जास्तीचे होते. उघड्या बंबात ते तोंडाशी चढते. बंद भांड्यात मात्र त्याला वाट ठेवली नाही तर ते भांडेच फोडते.

नौका जितकी लहान, तितके हे कोडे अवघड होते. कोकणातील गलबतांवर खलाशी आपली चूल उघड्या फळ्यांवर, मातीचा जाड थर देऊन मांडीत. आग आत नेण्याचे साहस ते करीत नसत. आजच्या लहान प्रवासी नौकेत निजण्याची, रांधण्याची आणि अंग धुण्याची जागा एकाच चिमुकल्या कोठडीत असते. पाणी मोजके, इंधन मोजके, हवा तर सर्वांत मोजकी. अशा नौकेत ऊन पाण्याची सोय करणाऱ्यांनी जे उत्तम उत्तर काढले, ते दौलताबादच्या हमामाला फार जवळचे आहे. नौकेचे इंजिन थंड ठेवण्यासाठी त्याच्या भोवती पाणी फिरवावे लागते, आणि ते पाणी सुमारे ८० अंशांपर्यंत तापून बाहेर येते. ही ऊब एरवी समुद्रात जावयाची. तिच्या वाटेवर एक नळी वेटोळी करून पाण्याच्या टाकीत बसवितात. इंजिनाचे पाणी वेटोळ्यातून फिरते, टाकीतले पाणी त्याच्या संगतीने तापते, आणि दोन्ही पाणी एकमेकांत मिसळत नाहीत. टाकीला जाड आवरण घातले की तासभर चाललेल्या इंजिनाची ऊब रात्रीच्या स्नानालाही पुरते. फुगणाऱ्या पाण्यासाठी झडप ठेवतात, आणि तापलेल्या पाण्याने अंग भाजू नये म्हणून त्यात आपोआप विसण घालणारी दुसरी झडप बसवितात. येथे नवी आग पेटवावीच लागत नाही. जेथे गॅसची शेगडी बसविणे भाग पडते, तेथे ती अशी निवडतात की तिने ज्वलनाची हवा बाहेरून घ्यावी आणि धूर बाहेरच सोडावा. कोठडीतल्या हवेशी तिचा काही संबंधच येऊ नये.

ही खबरदारी किती आवश्यक आहे, हे जमिनीवरच्या इतिहासानेच शिकविले आहे. १८६८ मध्ये लंडनच्या बेंजामिन वॅडी मॉन याने गॅसवर तत्काळ पाणी तापविणारे यंत्र काढले आणि आइसलंडमधील उसळत्या उष्ण झऱ्याच्या नावावरून त्याला ‘गीझर’ म्हटले. आपल्याकडे नांदेड जिल्ह्यात उनकेश्वरला जमिनीतून जसे ऊन पाणी येते, तसे तोटीतून यावे, ही कल्पना मोठी रम्य होती. पण त्या यंत्राला धुराची नळीच नव्हती! विनयपिटकाने लहान जंताघरासाठी जी गोष्ट सांगितली होती, ती यंत्रयुगाच्या या पहिल्या गीझरात राहून गेली. १८८९ च्या सुमारास एडविन रूड या नॉर्वेत जन्मलेल्या अभियंत्याने अमेरिकेत आपोआप चालणारे पाणीतापक यंत्र सिद्ध केले, आणि मग ही सोय घरोघर पसरू लागली.

गॅसचा धूर दिसत नाही, म्हणून तो नाही असे माणसाला वाटते. येथेच घात होतो. बंद खोलीत प्राणवायू अपुरा पडला की जळणातून कार्बन मोनॉक्साइड हा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, डोळ्यांना त्याची चुरचुर नाही. रक्तातील ज्या द्रव्याने प्राणवायू वाहून न्यावयाचा, त्या द्रव्याला हा वायू प्राणवायूच्या दोनशेपटींहून अधिक ओढीने चिकटतो; फ्रेंच शास्त्रज्ञ क्लोद बर्नार याने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास रक्तावरील त्याचा परिणाम प्रयोगाने दाखविला. गॅसगीझर लावलेल्या, खिडकी घट्ट मिटलेल्या न्हाणीघरात माणसे बेशुद्ध होऊन दगावल्याच्या वार्ता महाराष्ट्रातील वृत्तपत्रांत थंडीच्या दिवसांत वारंवार येतात. त्यांत तरुण असतात, नवविवाहित असतात, शाळेला निघालेली मुले असतात. लाकडाचा धूर खोकला आणून माणसाला बाहेर घालवीत असे. हा निर्धूम शत्रू त्याला झोप आणतो. बंब अंगणात किंवा पडवीत होता, तोवर त्याचा धूर वाऱ्यावर जाई. अंगण गेले, पडवी गेली, न्हाणीघर नौकेच्या कोठडीएवढे झाले. आणि आग मात्र अंगणातून उचलून माणसाच्या डोक्याशी आणून टांगली गेली.

म्हणूनच या इतिहासाचा बोध केवळ जिज्ञासूंसाठी नाही. तो गृहस्थासाठी आणि गृहिणीसाठी आहे. गॅसगीझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेत बसवावा आणि आत केवळ पाण्याची नळी आणावी. हा हमामाचाच धडा होय. तसे करणे शक्य नसेल, तर त्याच्या धुराला भिंतीबाहेर नेणारी नळी आणि बाहेरची हवा आत येण्याला कधीही न मिटणारी वाट ही दोन्ही हवीत; हा जंताघराचा धडा होय. विजेच्या गीझरात आग घरापासून दूर, वीजकेंद्राच्या भट्टीत जाऊन बसली आहे. आणि भिंतीपलीकडच्या त्या जुन्या नोकराप्रमाणे तेथेही ती कोणीतरी सांभाळीतच असतो. छपरावरच्या सौर तापकाने तर तिला सुमारे १५ कोटी किलोमीटर दूर ठेवले आहे! मराठवाड्याच्या आकाशात उन्हाची वाण नाही. तंगी आहे ती पाण्याची.

जायकवाडीच्या नाथसागरातून सुमारे पन्नास किलोमीटरवरून पाणी उचलून आणणाऱ्या या नगराने अलीकडच्या काळात कित्येक दिवसांच्या अंतराने येणाऱ्या पाण्याची वाट पाहिली आहे. अशा गावात ऊन पाण्याची प्रत्येक बादली ही दोन दुर्मीळ गोष्टींची, पाण्याची आणि उबेची, एकत्र बांधलेली पुरचुंडी असते. तिचा हिशेब मलिक अंबराला ठाऊक होता, पाणचक्कीच्या कारागिराला ठाऊक होता, आणि बंबात चार ढलप्या मोजून घालणाऱ्या घरच्या वडीलधाऱ्या बाईलाही ठाऊक होता. न्हाणीघराची झडप उघडी ठेवण्याची सवय त्या हिशेबात आज नव्याने जमा करावयाची आहे.